त्याचा न, माझा ण

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘कोणाकडे मिरच्या भाजताहेत? प्लीज खिडक्या बंद ठेवा.’ त्याखाली खोकणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मग बाराव्या मजल्यावरच्या काकू कळवतात की सोसायटीत कोणी काही भाजत नाही, वास मागच्या गावातून येतो. मागचं गाव म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं, खाडीकाठचं. ते पहिल्यापासून तिथंच आहे. आमच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि ते ‘मागचं’ झालं. यंदाही मेसेज आला. सगळ्यांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या तेव्हा मी माझी उघडली आणि नाकातोंडात खाट जाऊन ठसका लागेपर्यंत उभी राहिले.

त्या गावात माझं सासर होतं. घर अजून आहे, चार मजल्यांचं, वर मोठी गच्ची. सासर तेवढं उरलं नाही. माझा नवरा सिनेमातला नट, आणि चांगला नावाजलेला. त्याचे चार सिनेमे तुम्ही बोटांवर मोजून दाखवाल. त्यांतल्या दोनांचे संवाद मी लिहिलेत, हे मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. पडद्यावरचं त्याचं नाव मनन. ते मीच ठेवलं. कोणी विचारलं तर मी चिंतन-मनन वगैरे काहीतरी भारदस्त सांगत असे. खरं कारण इतकंच की त्या नावात दोन न आहेत आणि ण एकही नाही. निदान स्वतःचं नाव सांगताना तरी माझा नवरा चुकणार नव्हता.

घरचं त्याचं नाव हिरामण, आणि तो म्हणायचा हिरामन. तेव्हा तो रबाळ्याच्या एका कंपनीत शिफ्ट करायचा आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेत काम करायचा. मी परीक्षक म्हणून गेले होते. बक्षीस घ्यायला आला, माइकवर म्हणाला, “मी हिरामन.” मी खुर्चीतूनच म्हणाले, “हिरामण.” सभागृहात थोडे लोक हसले. तोही हसला आणि म्हणाला, “तुमी बोलता तर असंल.” त्या ‘असंल’च्या मी प्रेमात पडले. लग्न झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर तो ‘असंल’ त्याच्या तोंडातून काढून टाकला.

माझे वडील साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीपायी वाशीला आलेले. आमच्या घरात ‘पानी दे’ म्हटलं तर पाणी मिळत नसे. वडील भरलेला ग्लास हातात धरून शांत बसायचे. आम्ही दोघी बहिणी शाळेतून, मैत्रिणींकडून असलं काही उचलून आणायचो आणि घसा कोरडा पडेपर्यंत ‘पाणी, पाणी’ म्हणत राहायचो. वडिलांनी कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पुढे मी लेखिका झाले त्याचं श्रेय ते त्या ग्लासाला द्यायचे, आणि मीही मुलाखतींतून तो किस्सा मोठ्या कौतुकानं सांगायचे.

हिरामणचा वर्ग सकाळी चहाबरोबर भरायचा. जीभ मागे वळव, टाळूला लाव, आता सोड. पाणी, लोणी, आणि, कोण, क्षण. आमच्या फ्लॅटसमोर खाडी, ओहोटी असेल तर बाल्कनीत चिखलाचा वास, आणि हा सहा फुटांचा माणूस बनियनवर बसून ‘कोन, कोन, कोण’ करतोय. “मृनाल,” तो वैतागून म्हणायचा, “तुज्या नावाचा पन तोच लोचा हाय.” माझं नाव मृणाल. एकदा त्यानं विचारलं, “तुमच्या पान्यात ण असतो, म्हनून काय ता जास्त गोड लागतो?” मी म्हणाले, “गोड लागत नाही. पण स्वच्छ असतं.” असं मी माझ्या नवऱ्याला म्हणाले, त्याच्याच घरात, त्याच्या हातचा चहा पीत. त्या वेळी मला माझ्या हजरजबाबीपणाचं फार बरं वाटलं होतं.

मग त्याला ण यायला लागला आणि नको तिथंही यायला लागला. ज्याला सारखं चूक ठरवतात त्याला आपलं बरोबर काय तेही कळेनासं होतं. त्यानं सावधगिरी म्हणून सगळीकडे ण लावायला सुरुवात केली. जीवनचं जीवण, मननचं सुद्धा एकदा मनण. मी मैत्रिणींना फोनवर रोजचा नवा शब्द सांगायचे आणि आम्ही हसायचो. बाथरूममध्ये शॉवर बंद करून तो ऐकत असायचा, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ज्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा ‘मृणाल’ अशी अचूक हाक मारली, त्या दिवशी दारात कोणी तरी परका माणूस आल्यासारखं वाटून मी दचकले. आमच्या लग्नात काहीतरी मेलं ते त्या हाकेनं. मी त्याला शाबासकी दिली.

तोही काही बिचारा नव्हता, हे सांगायला हवं. पार्ट्यांत माझी ओळख ‘माझ्या टीचर’ अशी करून द्यायचा आणि पुढं माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. टीव्हीवर विचारलं, की लेखिकेशी संसार कसा चाललाय, तर म्हणाला, “ती लिहिते, मी वाचत नाही, छान चाललंय.” माझा कथासंग्रह आला तेव्हा त्याच्या आईच्या गच्चीवर बोंबील वाळत घातले होते आणि वाऱ्यानं खालचे कागद उडत होते. यानं प्रकाशकाकडून मला आलेल्या प्रतींचा गठ्ठा उचलून नेला आणि पुस्तकं चारी कोपऱ्यांवर ठेवली. मी वर जाऊन बघितलं तर माझ्या नावावर बोंबलाची शेपटी. “तुजी पुस्तका वजनदार हायत, असा पेपरात आलाय ना?” तो म्हणाला. त्या वाक्यात एकही चूक नव्हती, त्याच्या भाषेत. आजही ते आठवलं की मला हसू येतं आणि त्याला पायऱ्यांवरून ढकलून द्यावंसंही वाटतं.

त्याच्या आईला सगळं गाव आय म्हणायचं, मीही म्हणायचे. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. तरी मे आला की मसाला तीच करायची. मिरचीचं देठ बोटांनी मोडून आवाजावरून सांगायची, ही वाळली, ही अजून ओली हाय. भाजायला बसली की मोठा तवा, खाली लाकडं, आणि आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून दहा पावलं लांब. आय मात्र जागची हलायची नाही. वासावरून तिला नेमकं कळायचं की आता उतरवायची. कांडपाला मिरची गेली की ती मला जवळ बसवायची आणि हिरामणच्या सिनेमांच्या गोष्टी विचारायची. तिनं त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता आणि एकही सोडला नव्हता. “बाय, नवीन पिच्चर कवा ऐकाला जायाचा?” ती म्हणायची. थेटरात मांडीवर हात ठेवून बसायची, पोराचा आवाज आला की मान वर करायची, दुसऱ्या कोणाचा आला की खाली. तिच्या मानेकडे बघूनच सिनेमात आता हिरामण आहे की नाही ते कळायचं.

आणि तो मे. त्याला पाच वर्षं झाली. हिरामणला पहिल्यांदाच मारामारी नसलेली, नाच नसलेली भूमिका मिळाली होती. देशावरच्या लहान गावातले संस्कृतचे मास्तर, बायको गेलेली, शाळा बंद पडत आलेली. संवाद माझे. तीन महिने मी त्याच्याकडून ते घटवून घेतले, झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणेल असे. तो सिनेमा त्याच्यासाठी काय होता, ते मला माहीत होतं. आजवर लोकांनी त्याचे दंड पाहिले होते. आता आपलं बोलणं ऐकतील, असं तो म्हणायचा. मास्तरांचा झब्बा तो घरीही घालून बसायचा.

गाणी प्रकाशित करायचा कार्यक्रम वाशीला झाला. हॉल भरलेला, कॅमेरे, पहिल्या रांगेत आय नवी नऊवारी नेसून. हिरामण माइकपाशी गेला, समोर मला बघितलं आणि तिथंच घाबरला. म्हणाला, “मी सगळ्यांचे मणापासून आभार मानतो.” कोणाला काही वाटलंही नसतं. सूत्रसंचालकानं मला स्टेजवर बोलावलं, माइक हातात दिला, आणि मी म्हणाले, “मणापासून म्हणतोयस तर किती मण, तेही सांगून टाक. लोकांना अंदाज येईल.”

हॉल कोसळला. लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसले. हिरामणही हसला, त्याला ते यायचंच. आय पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, पोराला सगळे नावाजताहेत. संध्याकाळपर्यंत तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर होता. वजनकाट्याचं चित्र, त्यावर त्याचा चेहरा, खाली ‘मणापासून’. गावातल्या पोरांनी त्याला पाठवला, कंपनीतल्या जुन्या मित्रांनी पाठवला. घरी आल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, “आईसमोर कशाला?” मी म्हणाले, “तिला कुठं कळलं.”

पुढं आठवड्याभरात डबिंग होतं. त्याचं सगळं बोलणं उलटंपालटं झालं होतं. माइकसमोर काचेच्या खोलीत उभा राहायचा आणि पाणी म्हणायच्या आधी थांबायचा. त्या थांबण्यानं ओठ आणि आवाज जुळेनात. चार दिवस घासून त्यानं ते पुरं केलं, खूश होऊन घरी आला, ओली बडीशेप चघळत म्हणाला, “झालं. बघ आता तू.” दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं मला एकटीला स्टुडिओत बोलावलं. गुणी मुलगा होता, पण टेन्शनमध्ये होता.

“ताई, मी दोन ट्रॅक लावतो,” तो म्हणाला. “एक मननचा. दुसरा मी एका व्हॉइस आर्टिस्टकडून करून घेतलाय, सेफ्टी म्हणून. संवाद तुझे आहेत, तूच ठरव. तू म्हणशील तो ठेवू.”

मी दोन्ही ऐकले. दुसरा आवाज खणखणीत होता, प्रत्येक ण जागच्या जागी, माझे वडील खूश झाले असते असा. हिरामणचा आवाज अडखळत होता, कुठं घोगरा व्हायचा, एका जागी तर ण ऐवजी चक्क ‘न’च राहून गेला होता. मी म्हणाले, “दुसरा.” विचार करायला मला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

“त्याला कोण सांगणार?”

“मी सांगते.”

ट्रेलरमध्ये नुसतं संगीत होतं, त्यामुळे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. सिनेमा लागायला चार आठवडे होते आणि त्या चार आठवड्यांत मी सांगितलं नाही. रोज संधी होती. सकाळचा चहा होता. आयकडे मसाल्याच्या निमित्तानं आम्ही सलग दोन रविवार गेलो, गच्चीवर तो मिरच्या उलथत होता, घामानं निथळत आयला मास्तरांची गोष्ट सांगत होता आणि ती म्हणत होती, “सगला नको सांगू, मना थेटरान ऐकू दे.” तिथंही मी बोलले नाही. लोकांना मी नंतर सांगितलं की माझी हिंमत झाली नाही. ते खोटं आहे. मला त्याचा चेहरा बघायचा होता. बोंबलांखालच्या पुस्तकांपासून ते टीव्हीवरच्या ‘मी वाचत नाही’पर्यंत सगळं मनात धरून मला त्या अंधारात त्याच्या शेजारी बसायचं होतं आणि त्याला ते ऐकताना बघायचं होतं. पाच वर्षं मी या वाक्याभोवती फिरते आहे. आज मिरचीच्या ठसक्यात ते लिहून टाकते.

सिनेमा चालला. वर्तमानपत्रांनी त्याच्या ‘शुद्ध, संस्कारित वाणी’बद्दल लिहिलं. एका समीक्षकानं तर असं म्हटलं की मातीतल्या नटानं केवढी मजल मारली बघा. पुढं त्याला बक्षीसही मिळालं, ते घ्यायला तो गेला नाही. आम्ही वेगळे झालो. कोर्टात समुपदेशक बाईंनी विचारलं, एकत्र राहण्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “आपण म्हणाल तसं.” दोन ण, दोन्ही अचूक. मला आजवर कोणी इतकं स्वच्छ काही ऐकवलेलं नाही. कागदांमध्ये त्याचा शाळेचा दाखला होता. त्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, हिरामन. घरी येऊन मी कोश उघडला. जुन्या गोष्टींमधल्या बोलक्या पोपटाचं ते नाव, आणि मुळात त्यात ‘न’च आहे. म्हणजे त्या पहिल्या दिवशी, स्टेजवर, तो बरोबर होता. मी हे त्याला कळवायला हवं होतं. अजून कळवलेलं नाही.

आय मागच्या वर्षी गेली. मला सोसायटीच्या ग्रुपवरून समजलं. ‘आज दुपारी मागचं गेट बंद राहील. एका अभिनेत्याच्या आईची अंत्ययात्रा असल्यानं गर्दी अपेक्षित आहे. कृपया गाड्या आत घ्या.’ मी माझी गाडी आत घेतली. मग खिडकीत उभी राहिले. चौदाव्या मजल्यावरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, त्याचा फायदा मी घेतला. भाजीबाजारात अजून बायका विचारतात, “तुम्ही मनन सरांच्या मिसेस ना? पिक्चरमध्ये काय गोड बोलतात हो ते.” मी हो म्हणते आणि कोथिंबीर निवडते.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या खेळाचं. वाशीच्या मॉलमधलं थिएटर, भर दुपारचा शो, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं. मधल्या खुर्चीत आय, तिच्या पलीकडे हिरामण, अलीकडे मी. मागच्या तीन रांगा गावातल्या माणसांनी भरलेल्या. दिवे गेले. पडद्यावर शाळेचा वर्ग आला, दार उघडलं, मास्तर आत आले. गाववाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मास्तरांनी तोंड उघडलं आणि तो खणखणीत आवाज हॉलभर पसरला.

मी लगेच वळून पाहिलं. मला जे बघायचं होतं ते पडद्याच्या उजेडात अगदी स्वच्छ दिसलं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याचा हात हळूच स्वतःच्या गळ्याकडे गेला आणि तिथंच राहिला. मागच्या शिट्ट्या एकेक करत थांबल्या. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, पण थोडा झाला. तो नाकारण्यात अर्थ नाही.

आयची मान खालीच होती. पडद्यावर तिच्या पोराचा चेहरा भिंतीएवढा झाला होता, डोळ्यांतला लाल धागासुद्धा दिसत होता, आणि ती हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग तिनं माझ्याकडे झुकून विचारलं, “बाय, हिरामन कवा येनार?”

हिरामणनं ते ऐकलं. गळ्यावरचा हात काढून त्यानं आईच्या खांद्यावर ठेवला, तिच्या कानाला तोंड लावलं आणि मास्तरांचा पुढचा संवाद पडद्याबरोबर म्हणायला लागला. पाठ तर सगळं होतंच, मीच करून घेतलं होतं. फक्त त्यानं ते आपल्या बोलीत आणलं. मास्तर गेलेल्या बायकोच्या फोटोशी बोलत होते. माझं वाक्य होतं, ‘तू गेल्यापासून माठात पाणी भरतो, ते अजून दोघांचं भरतो.’ वरून ते घोटीव आवाजात आलं, आणि शेजारून, कुजबुजीत, “तू गेल्यापासना माठान पानी भरतंय, ता अजून दोघांचा भरतंय गो.”

ते वाक्य मी सहा वेळा खोडून लिहिलं होतं. ते कसं बोलायचं असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आयची मान वर आली. मागून कोणी तरी ‘शूऽऽ’ केलं, गाववाल्यांपैकी एकानं त्या शू करणाऱ्यालाच दटावलं, आणि हिरामण थांबला नाही. एक संवाद सोडला नाही त्यानं. शाळा बंद होते तो प्रसंग, पावसातला प्रसंग, सगळे. पडद्यावरचा माणूस आणि तो, दोघं एकाच वेळी बोलत राहिले आणि आय दोन तास मान वर करून बसली.

शेवटाकडे मास्तरांचं मोठं भाषण होतं. माझं सगळ्यांत आवडतं, णकारांनी भरलेलं, त्या खणखणीत आवाजाला फार शोभलेलं. संगीतही चढलं होतं, त्यामुळे कानाशी आलेलं बोलणं तिला नीट ऐकू येईना. तिनं अंधारात माझा हात शोधला आणि दाबला.

“बाय,” ती म्हणाली, “यो मगासधरना मधी मधी कोन बोलतंय गो? त्याला गप कर ना. माझा पोर बोलतंय ता ऐकाला येत नाय.”